कागदावरचे जुळे

“काका, आमच्या बाबांचं वाटोळं करून तुम्हाला झोप तरी कशी लागते?”

विचारून झालं. ती चष्म्याच्या दुकानाच्या काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. तळव्यांखालची काच ओली होत होती. रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर तिच्या तिघी मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. “तोफ ना तू? मग हे तोंडावर विचारून दाखव.” वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून वर्ग तिला तोफ म्हणायला लागला होता. त्याला चारच महिने झाले होते, त्यामुळे दारूगोळा अजून भरपूर होता.

काकांनी चाक थांबवलं नाही. हातातलं भिंग घासून पूर्ण केलं, उजेडात धरून पाहिलं, फडक्याने पुसून डबीत ठेवलं.

“लागते की,” ते म्हणाले. “दोन-तीनदा कूस बदलावी लागते. पाणी पिणार?”

“नको.”

“उंच झालीस गं. बापाच्या वर गेलीस का?”

तिने उत्तराऐवजी दप्तरातून फॉर्म काढून काउंटरवर सरकवला. पाठ केलेलं भाषण मात्र तिने सोडलं नाही. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात तिला बारावीच्या निकालाच्या अटीवर जहाजबांधणीला प्रवेश मिळाला होता. शिक्षणासाठीचं कर्ज बँकेने नाकारलं होतं, कारण बाबा सहकर्जदार आणि कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे बाबांच्या नोंदीत सहा वर्षांपूर्वीचं एक थकलेलं कर्ज. आणि ते कर्ज कुणाचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“नोंदी एकमेकींत मिसळल्यात,” ती म्हणाली. “तुमची आणि बाबांची जन्मतारीख एकच आहे ना कागदावर.”

काका हसले. दोघा भावांना एकाच सकाळी शाळेत नेलं होतं. दाखले कुणाचेच नव्हते. हेडमास्तरांना चहाला जायची घाई होती, त्यांनी दोघांना एकच तारीख ठोकून दिली. दोन वर्षांनी मोठा असलेला भाऊ कागदावर धाकट्याचा जुळा झाला. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, स्वतःच्या नावाचं आद्याक्षरही एक. पूर्वी, दोन्ही घरं बोलत होती तेव्हा, हा किस्सा सांगताना बाबांना ठसका लागायचा.

“नोंदी वेगळ्या करायला दोघांच्याही सह्या लागतात,” ती म्हणाली. “ही बाबांची.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी नेला.

“धाकट्याने केली सही?”

“केली म्हणजे काय! आईसमोर केली.”

फॉर्म आठ दिवस बाबांच्या टेबलावर पडून होता, हे तिने सांगितलं नाही. ‘कागदबिगद कशाला, आपसात मिटवू,’ असं बाबा म्हणत राहिले होते. शेवटी आईच कडाडली, “तुमच्या चांगुलपणाचंच खातोय तो! करा सही.” तेव्हा बाबांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “पण तो नाही करायचा. बघशील तू.” तेवढ्या एका वाक्यावर ती तीन दिवस पेटलेली होती. चोराला पुरावा कसा आवडेल?

“त्याने केली सही,” काका पुन्हा म्हणाले. या वेळी विचारल्यासारखं नाही. “मग माझं काय जातंय?”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही करून टाकली. तोफेला बत्ती द्यायची राहूनच गेली. बाहेर आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, रडले का गं? ती म्हणाली, “रडतील. महिनाभर थांबा.”

कंपनीचं उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आलं, शाळेच्या मधल्या सुट्टीत. बाबांच्या नावाने ईमेल तिनेच काढून दिला होता, त्यामुळे तो वाजायचा तिच्याच फोनवर. तिघी तिच्या खांद्यांवरून वाकल्या. तिने ऐटीत त्यांना ढकललं, “हटा, आधी मी,” आणि भिंतीकडे तोंड करून वाचायला लागली.

दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र झाल्या होत्या, ही तक्रार रास्त असल्याचं पत्रात लिहिलं होतं. बाबांच्या नोंदीत चुकून आलेलं भिंगं घासण्याच्या यंत्राचं, वेळेवर पूर्ण फेडलेलं कर्ज काढून टाकण्यात आलं होतं. थकलेलं कर्ज मात्र मूळ करार तपासता त्यांचंच असल्याची खात्री झाली होती. यापुढे ते दुसऱ्या व्यक्तीच्या नोंदीत दिसणार नव्हतं.

तिने पुन्हा वाचलं. यांनी उलटं केलंय, हे तिचे ओठ म्हणून गेले, आवाज न करता. मग तिने कराराची जोडलेली प्रत उघडली. शेवटच्या पानावर सही होती. शेवटच्या अक्षराला गळासारखी वळलेली शेपटी. आठवीत गणितात बारा मार्क पडले होते, तेव्हा ही सही गिरवण्यात तिने वहीचं पाठपोट पान घालवलं होतं. सगळं जमलं होतं, शेपटी जमली नव्हती. त्या शेपटीची नक्कल होत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“काय गं? उडाला ना बार?”

“झालं दुरुस्त,” ती म्हणाली आणि फोन पालथा धरला.

तिघींनी शिट्ट्या मारल्या. पार्टी मागितली. तिने सगळ्यांना थंड प्यायला घातलं आणि स्वतःच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत राहिली. तासाची घंटा झाली तेव्हा बाटली भरलेलीच होती.

संध्याकाळी ती एकटी दुकानात गेली. काका शटर अर्धं ओढून झाडत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि केरसुणी कोपऱ्यात उभी केली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली आणि पत्र उघडलेला फोन काउंटरवर ठेवला.

“दुसऱ्या यंत्रासाठी गेलो होतो बँकेत. तिथे कळलं, मी म्हणे बुडवलेत. गेलो धाकट्याकडे. कर्ज काढून पैसे भागीदारीत घातले होते त्याने, भागीदार पळाला. म्हणाला, दादा, हिला अजून माहीत नाही, महिनाभर थांब, मी सांगतो.”

“आणि?”

“थांबलो.” त्यांनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. “सांगितलं त्याने. फक्त माझं नाव घालून सांगितलं.”

“तुम्ही का नाही बोललात? आईला? मला?”

“तू अकराची होतीस. बापाच्या खांद्यावरून उतरत नव्हतीस.” त्यांनी स्टूल पुन्हा मागे सरकवलं. “आणि खरं सांगू? नंतर राग आला मला. म्हटलं, आता मरू दे, तोच येऊ दे. सही पाहिली तेव्हा वाटलं, आला.”

त्या घासायच्या चाकाकडे पाहत ती उभी राहिली. तेच पहिलं यंत्र अजून चालू होतं, पट्टा दोन ठिकाणी जोडलेला. दुसरं आलंच नव्हतं.

“फीची शेवटची तारीख कधी?” काकांनी विचारलं.

“दहा.”

“आता माझं नाव धुतलं गेलंय ना. मग कागद आण.”

“काका, मी तुम्हाला त्या दिवशी...”

“आण गं कागद. आणि त्या तिघींना सांग, पैज जिंकलीस म्हणून. पलीकडून सगळं ऐकू येत होतं.”

बँकेतून नवा फॉर्म घेऊन, दुकानात बसून काकांची सही घेऊन ती दुसऱ्या दिवशी घरी आली, तेव्हा बाबा मोरीत ब्रशने नखं घासत होते. लिफ्ट दुरुस्तीचं काळं ग्रीस निघता निघत नसे. आई खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आलं का गं काही त्या कंपनीचं?” आई म्हणाली. “का त्या शहाण्याने तिथेही हात फिरवला?”

“एवढ्यात कसलं येतंय,” बाबा पाठमोरेच म्हणाले. “महिनोन्‌महिने लागतात त्यांना.”

“आलं,” ती म्हणाली. “चूक होती. दुरुस्त झाली.”

“मी म्हणत नव्हते!” आईने हातातला शर्ट मांडीवर आपटला. “सहा वर्षं! सहा वर्षं ह्यांनी मान खाली घालून काढली.”

मोरीतला नळ बंद झाला. बाबा वळले नाहीत. ब्रश त्यांच्या हातात तसाच होता आणि त्यातून काळं पाणी ठिबकत होतं.

“मी कॉलेजला जाणार आहे,” ती म्हणाली. आवाज वक्तृत्वातल्यासारखा लागला, म्हणून तिने तो खाली आणला. “सहकर्जदार म्हणून काकांनी सही केलीय. मी हो म्हणून आलेय.”

“त्याची सही? डोकं फिरलंय का तुझं? आता ह्यांचं नाव स्वच्छ झालंय ना, मग त्याची कशाला?”

तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि तिसरं पान उघडून त्यावर पेन ठेवलं.

“बँकेनेही हेच विचारलंय, आई. वडील सहकर्जदार नसतील तर कारण लिहा म्हणून. बाकी सगळा फॉर्म मी भरलाय. एवढा रकाना मी भरणार नाही. तो बाबा भरतील, आणि आधी तुला वाचून दाखवतील. तोवर मी इथून हलणार नाही.”