बावीस किलोमीटरवरची पाणपोई

मी पाणपोई बोलतेय. हसू नका! वाळवंटात कसली आलीय पाणपोई, असं तुम्हाला वाटणारच. पण दुबईबाहेर सायकलवाल्यांचा लांबच लांब ट्रॅक आहे, आणि त्यावर शेवटच्या दुकानापासून बावीस किलोमीटरवर मी सहा वर्षं उभी आहे. स्टीलचं अंग, दोन नळ, डोक्यावर सोलर पॅनल आणि पाठीशी पाण्याची टाकी.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. शहनाझबाईंनी नवऱ्याच्या आठवणीसाठी मला इथे बसवलं. पहिला पेला भरताना त्या म्हणाल्या, "यहाँ से कोई प्यासा न जाए." ते मी मनावर घेतलं.

पाणपोई हे नाव अनिलनं दिलं. तो जबल अलीच्या ऑफिसात असतो, दर शनिवारी येतो. "काय पाणपोईबाई, बरं आहे ना?" असं विचारतो. त्याला एक खोड आहे. बाटली एकच आणायची, उगाच वजन कशाला म्हणून, आणि मी लांबून दिसले की उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं. मग रिकामी बाटली घेऊन स्वारी ऐटीत माझ्यापुढे हजर! मला केवढा अभिमान वाटायचा. मेलं ते कौतुकच नडलं.

माझी देखभाल दगडू करायचा. लांज्याचा माणूस, लेबर कॅम्पात राहणारा. मला पुसताना "बाय माझी" म्हणायचा. गेल्या सोमवारी माझी टाकी तडकली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. दगडूनं लगेच सुपरवायझरला फोन लावला.

"सुजीतभाई, टंकी फुट गया. इधर आदमी मर जाएगा!"

"कल भेजता हूँ, इन्शाल्ला."

तो कल काही उजाडला नाही. दगडूनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिंदीत आणि इंग्रजीत 'पाणी नाही' असं मोठ्ठं लिहिलं आणि सुतळीनं माझ्या नळाला बांधलं. दुसऱ्या दिवशी त्याला अबुधाबीच्या साइटवर पाठवलं. गुरुवारी वाळूचं वादळ आलं, सुतळी तुटली. तो पुठ्ठा समोरच्या कुंपणाशी पालथा पडलाय. मला इथून दिसतो. खलास!

आज शनिवार. जून महिना, नऊ वाजून गेलेत, माझं स्टील आत्ताच हात लावू देत नाही. आणि लांबून दोन सायकली येताहेत. पुढे अनिल, मागे त्याची लेक अस्मी. एवढ्या लांब ती पहिल्यांदाच आलीय. वाटेत पंक्चर काढण्यात उशीर झाला असावा. पोरीची सायकल डुगडुगतेय. वारा तिकडून इकडे वाहतोय, म्हणून बोलणं ऐकू येतं.

"पप्पा, आय ॲम सो थर्स्टी. माझी बॉटल एम्प्टी आहे."

"अगं, ती बघ आपली पाणपोई! गारेगार पाणी, हवं तेवढं पी. यल्ला, चल लवकर!"

अनिल, नको रे बाबा! आहे तेवढं तिला पाज आणि सावकाश मागे फिर. देवा, दोन नळ दिलेस, एक तोंड दिलं असतंस तर! माझा जीव नुसता तुटतोय. अहो, तुमच्यापैकी कोणी या वाटेला असाल तर पाणी घेऊन या हो. आत्ता या.

अनिल थांबला. त्यानं बाटली उघडली, अर्धी लेकीच्या डोक्यावर ओतली, अर्धी स्वतःच्या. दोघंही खळखळून हसली आणि माझ्याकडे निघाली.