खळ्यावरची पकड

संजनानं डाव्या कोपऱ्यातून झेप घेतली, कुंदाचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि मागं खेचला. पंचेचाळिशी गाठलेली, एका सुनेची सासू झालेली कुंदा सारवलेल्या खळ्यावर तोंडावर आपटली. ‘कबड्डी कबड्डी’चा दम मधेच तुटला. तो तुटल्याबरोबर संजनाची बोटं आपोआप सुटली. कुंदानं मान वर केली तेव्हा तिचा खालचा ओठ फुटला होता आणि रक्त हनुवटीवर आलं होतं.

“जीव घेतेस का गं माझा?” ती म्हणाली, आणि हसत सुटली.

मग बाकीच्याही हसल्या. संजनानंच हात देऊन तिला उठवलं. कुणीतरी घरातून हळद आणली, कुणीतरी फुटलेल्या ओठाचा, मागं उभ्या असलेल्या सगळ्यांसकट फोटो काढून लगेच स्टेटसला टाकला. हल्ली रक्त आलं तरी आधी फोटो, मग हळद.

कर्जतच्या मुलींच्या कॉलेजातला हा जुना कबड्डीचा संघ. कॉलेज सुटून पंचवीसेक वर्षं झाली तरी फोनवरचा ग्रुप जिवंत होता. रोज सकाळी कुणाचं ना कुणाचं गुलाबाचं फूल, मग पोरांचे निकाल, नव्या गाडीला घातलेला हार, गुडघ्यांची दुखणी. भेटू भेटू म्हणत वर्षं गेली. शेवटी मालतीनं सगळ्यांना खालापूरजवळच्या आपल्या सासरच्या शेतावर बोलावलं. तिथं तिचे सासरे नाना एकटेच राहत. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून ठेवला होता. मोकळं खळं समोर असताना या बायका नुसत्या गप्पा मारत बसतील हे शक्यच नव्हतं. मालतीनं छापून आणलेले संघाचे टी-शर्ट साडीवर, पंजाबी ड्रेसवर, जमेल तसे चढवून त्या रिंगणात उतरल्या. संजनानं आपला टी-शर्ट पूर्ण बाह्यांच्या झंपरावर घातला होता. भर दुपारी तिला म्हणे थंडी वाजत होती.

कॉलेजात त्यांना कबड्डी शिकवायला जे सर होते त्यांची छडी अजून सगळ्यांच्या पोटऱ्यांना आठवत होती. दम सुटला की पकड सोडायची, आणि पाडलेलीला हात देऊन उठवायचं. आवाज थांबल्यावरही जी धरून ठेवील तिला सर मैदानातच फोडून काढत. वळ कधीचे गेले. शिकवण हाडात राहिली होती.

जेवताना मालतीनं फर्मान काढलं की प्रत्येकीनं उभं राहून आपलं कसं चाललंय ते सांगायचं. ती भिसेगावात राहायची, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका समितीवरही होती. त्यामुळे चारचौघांना उभं करून बोलायला लावणं तिला सवयीचं होतं. कुंदा माथेरानला दिली होती, नवऱ्याचे घोडे होते.

“घोड्यांना टायमावर खायला मिळतं,” कुंदा सुजलेल्या ओठानं म्हणाली, “माझं कोण बघतंय. पण बरं चाललंय. घोडा लाथ मारतो, नवरा नाय मारत.”

सगळ्या खिदळल्या. वैजू पनवेलच्या दवाखान्यात नर्स होती, तिनं स्वतःचं दोन वाक्यांत आटोपलं आणि संजनाला कोपरानं ढोसलं.

“माझं काय,” संजना बसूनच म्हणाली, “बरं हाय.”

कालवणाचं पातेलं घ्यायला तिनं हात लांब केला तेव्हा सैल बाही कोपराच्याही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला काळीनिळी बोटं उमटली होती. वैजूनं तिचं मनगट धरलं.

“हे कशाचं?”

“गाईनं शिंग मारलं.”

वैजूनं हात सोडला. कबड्डी खेळलेल्या बाईला मार कुठं बसतो आणि कशानं बसतो हे सांगावं लागत नाही. गुडघे फुटतात, कोपरं सोलतात, नाक मोडतं. दंडाच्या आत बोटं उमटतात ती बाईला धरून ठेवल्यावरच. सगळ्यांना ते कळलं आणि सगळ्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

जेवणं उरकल्यावर संजना भांडी घेऊन मागच्या नळावर गेली. मालती तिच्यापाठोपाठ गेली.

“मालू,” संजना मान खाली घालून पातेलं घासत म्हणाली, “मला हितं ठेवशील का? थोडे दिवस. रानात काम करीन, नानांचं जेवणखाण बघीन. मी कपडे घेऊनच आली हाय.”

“त्यानं मारलं ना?”

संजना घासत राहिली. पातेलं कधीच लख्ख झालं होतं.

“तू तोंडानं सांग, संजे. नवऱ्यानं मारलं, एवढंच. मग बघ मी काय करते ते. पण नुसतं लपून राहायचं असेल तर नानांना मी काय सांगू? मलाही सासर आहे.”

“बोलायला गेली की घसा बंद व्हतो गं.”

“असं कसं? माझ्याकडे बायका येतात, सांगतात की. एकदा शब्द बाहेर पडला की निम्मं काम झालं.”

“आनि न्हाय पडला तर?”

“तर मला काही करता येणार नाही. संध्याकाळपर्यंत विचार कर. सगळ्यांच्या समोर एकदा सांग, मी आजच्या आज तुला इथं ठेवून घेते.”

मालती वाईट नव्हती. तिला मनापासून असंच वाटत होतं. जिच्या आजवर कधी थोबाडीत बसली नाही तिला असं वाटू शकतं. संजनानं बरं म्हटलं, भांडी पालथी घातली आणि ओले हात पदराला पुसत ती खळ्याकडं आली. तिचे ओठ हलत होते. चार शब्दांची उजळणी करत होती बिचारी, परीक्षेच्या आधी पोरी करतात तशी.

संध्याकाळपर्यंत थांबायला तिच्या नवऱ्याला, दशरथला, सवड नव्हती. बांधाजवळ त्याचा टेंपो कर्रकन थांबला. दार उघडंच टाकून तो उतरला. संजना बहिणीकडं गेली आहे असं घरी सांगून निघाली होती. फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरून कुणाच्या तरी नवऱ्याच्या फोनवर आणि तिथून टेंपो स्टँडवर पोचला होता, आणि त्यातलं खळं दशरथनं लगेच ओळखलं होतं.

“बहिनीकडं गेली व्हय?” तो लांबूनच ओरडत आला. “ही बहीन काय तुझी? ही सगळी? घरात कामं पडल्यात आनि भवानी हितं टी-शर्ट घालून उड्या मारतीय. चल. चल म्हनतो ना.”

“दशरथ, आधी खाली बस, पाणी घे,” मालती पुढं होऊन म्हणाली, शाळेत पालकांना म्हणायची त्याच सुरात.

तो बसला नाही. त्यानं संजनाची वेणी धरली, मनगटाला एक वेढा दिला आणि ओढली. संजना ओरडली नाही. डोकं वाकडं करून, दोन्ही हातांनी वेणीचं मूळ धरून ती त्याच्यामागं गुडघ्यांवर फरफटत निघाली. या अशा चालण्याचा तिला सराव होता, हे पाहणाऱ्या सगळ्यांना दिसलं. गुडघ्यापाशी साडी फाटली.

मालतीच्या हाताला वैजूचा हात लागला. कुणी कुणाचा शोधला कोण जाणे, पण साखळी झाली. वैजूच्या पलीकडं आणखी एक, तिच्या पलीकडं आणखी एक. त्या अर्धगोलात दशरथच्या मागं सरकल्या. तो मध्यरेषेच्या दिशेनं, म्हणजे आपल्या टेंपोकडं, पाठमोरा चालला होता. डावा कोपरा रिकामा होता, कारण डावा कोपरा त्याच्या हातात होता. त्या जागी कुंदा वाकली आणि तिनं घोटा धरला.

तो दाणकन आपटला. साखळी त्याच्यावर कोसळली. वैजू कमरेवर बसली, मालतीनं मान दाबली, कुणी मांड्या आवळल्या. त्याचं नाक खळ्यावर घासलं गेलं, शेणात रक्त कालवलं. तो शिव्या देत होता, एकीच्याही आईला सोडत नव्हता, आणि तो जितका ओरडे तितक्या त्या जोरानं दाबत. कुंदानं घोटा पिळला तेव्हा काहीतरी कडकन वाजलं. खोटं कशाला बोलायचं, त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना दिवसभरात वाटलं नव्हतं. एकजण तर हसतही होती.

मग तो गप झाला.

आणि त्या सगळ्यांचे हात सुटले.

“सोडू नका,” वेणी सोडवून बाजूला पडलेली संजना म्हणाली. आधी पुटपुटली, मग ओरडली. “अगं, गप झाला त्यो. सोडू नका.”

पण बाकीच्या उठल्याही होत्या, टी-शर्ट झटकत होत्या. आवाज थांबला, पकड सुटली, इतका तो साधा हिशेब. संजनाच्या घरातला हिशेब उलटा होता. दशरथ ओरडत असला की ती निर्धास्त पोळ्या लाटायची, कारण ओरडताना त्यानं कधी मारलं नव्हतं. तो गप झाला की ती पोराला शेजारी पाठवायची आणि दाराची कडी आतून लावायची, लोकांना दिसू नये म्हणून.

मालतीनं पडलेल्या माणसाला उठवायला हात पुढं केला. सरांनी शिकवलं होतं तसा.

दशरथनं तो हात धरला, लंगडत उठला, तोच हात धरून ठेवून दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा चष्मा उडाला. दुसरा ठोसा कानाखाली बसला. ती खाली बसली तेव्हा त्यानं तिच्या पोटात लाथ घातली, एक शब्द न बोलता, वखारीतलं पोतं सरकवावं तशी. मालतीच्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली. कुंदानं मागून त्याच्या पाठीत लाकूड घातलं, वैजूनं त्याचा शर्ट ओढला, आणि तेवढ्यात पडवीतून “काय चाललंय?” असा नानांचा आवाज आला.

दुपारची झोप मोडून ते काठी टेकत आले, त्यांच्यामागं शेजारच्या मळ्यातली चार माणसंही धावत आली. दशरथ जागच्या जागी बदलला. खाली वाकून त्यानं चष्मा उचलला, शर्टाला पुसला आणि मालतीपुढं धरला.

“काय न्हाय नाना,” तो म्हणाला. “बायकांचा खेळ चालला व्हता. मी मधी आलो, सगळीच पडलो. वैनींना जरा जास्त लागलं.”

नाना सुनेजवळ आले. तिचा डोळा सुजत चालला होता, नाकातून रक्त टी-शर्टावरच्या संघाच्या नावावर ठिबकत होतं.

“मालती? काय झालं गं?”

मालतीनं तोंड उघडलं. तिनं मळ्यातल्या माणसांकडं पाहिलं. त्यातल्या दोघांच्या मुली तिच्या शाळेत होत्या. तिनं ओढणी ओढून गालावर धरली.

“पडले,” ती म्हणाली. “खेळताना पडले, नाना.”

वैजू चमकून तिच्याकडं बघू लागली. मालतीला स्वतःलाही आपला आवाज ऐकू आला असावा, कारण तिनं मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केलीच नाही. तिला लाज वाटत होती. मार खाल्ल्याची लाज, दुसरं काही नाही. समितीपुढं येणाऱ्या बायका इतका वेळ का घेतात ते तिला आत्ता, या क्षणी कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

“बघा,” दशरथ म्हणाला. “चल गं संजने. उशीर व्हतोय.”

संजना उठली. विस्कटलेली वेणी तिनं पाठीमागं टाकली. ती टेंपोकडं न जाता मालतीपाशी गेली, तिच्या शेजारी खळ्यावर बसली आणि तिचा ओढणी धरलेला हात गालावरून खाली घेतला.

“ही पडली न्हाय, नाना,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं मारली हिला. तोंडावर दोनदा मारलं, खाली पाडून पोटात लाथ घातली.”

तिचा घसा कुठंही अडला नाही. स्वतःसाठी जे शब्द तिला नळावर सापडले नव्हते ते मैत्रिणीसाठी सरळ, ओळीनं बाहेर आले.

मळ्यातली माणसं एकमेकांकडं पाहू लागली. नाना काठीवर भार देऊन उभे होते. त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचं सगळं भात वर्षानुवर्षं दशरथच्या टेंपोतूनच गिरणीला जात होतं.

“काय बोलतेस पोरी,” ते म्हणाले. “याला मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून बघतोय. बापासारखाच गरीब हाय. यानं कधी बाईमाणसावर हात उचललाय का?”

दशरथ गप होता. तो फक्त संजनाकडं बघत होता. तिनंही नजर वळवली नाही.

“हिच्यावर आज पयल्यांदाच, नाना,” ती म्हणाली.