डाव्या कडेची बाई

रविवारी दुपारी कॉस्मेच्या बेकरीचं शटर अर्धं खाली आलं, की आत पिक्चर सुरू झाला असं बाजारातल्या लोकांनी समजावं. कॉस्मेच्या मुलाने, एल्टनने, कतारहून येताना एक प्रोजेक्टर आणला होता, आणि मैद्याच्या पोत्यांमागची भिंत कॉस्मेने त्यासाठी पांढरीशुभ्र रंगवून घेतली होती. बघणारे तिघेच. स्वतः कॉस्मे, शाळेतून निवृत्त झालेल्या क्लेमेंटिना टीचर आणि रिक्षावाला सुदेश. पिक्चर कुठल्याही भाषेतला चालायचा. खरी मजा तो संपल्यावर, चहात कडक पाव बुडवून त्याची सालं काढण्यात. कॉस्मेला नायकापेक्षा खलनायक आवडायचा. टीचरना गोष्टीत कुठे भोक सापडलं की वही तपासल्याचा आनंद व्हायचा. सुदेश मात्र रडायच्या जागी खरंच रडायचा आणि त्यावरून दोघांची बोलणी खायचा.

त्या रविवारी खुनाचा पिक्चर होता. डोंगरातल्या एका लॉजचा म्हातारा मालक मरतो, सगळ्या पाहुण्यांवर संशय येतो, आणि शेवटी खुनी निघते ती पिवळ्या साडीतली मोलकरीण. दिवा लागला तसा सुदेश म्हणाला, "ह्यां काय बरां नाय. शेवटाक खंयसून तरी एक बाई हाडली आणि खून तिच्या नावावर टाकलो. लोकांका येडे समाजतत."

"खंयसून तरी?" कॉस्मे चहा ओतता ओतता थांबला. "अरे, ती पयल्यापासून थंयच होती."

"खंय?"

"दरवाजाकडे. म्हातारो जेवक बसता तेव्हा, पोलीस येतत तेव्हा. डाव्या कडेक उभी."

"फेकू नको."

"तो खरां सांगता, सुदेश," टीचर म्हणाल्या. "तीच तर गंमत. बाई सगळ्यांच्या समोर आसा आणि तिच्याकडे कोणच बघीत नाय."

दोघांनी मिळून आपली टर उडवायचं ठरवलंय, असं सुदेशला वाटलं. तो हसला. पण कॉस्मे पैजेवर आला होता. त्याने पिक्चर मागे नेला आणि जेवणाच्या सीनवर आणून थांबवला. सुदेश आपल्या नेहमीच्या खुर्चीत होता, उजव्या भिंतीला लागून, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरच्या चित्राच्या अगदी पुढ्यात. चित्रात मोठं टेबल, टेबलाशी म्हातारा, बाजूला दोन पाहुणे. पलीकडे नुसती करडी भिंत.

"आता दिसली मा?"

सुदेशने मान डावीकडे वळवली, आणि भिंतीतून बाहेर आल्यासारखी ती बाई दिसली. पिवळी साडी, हातात पाण्याचा तांब्या. त्याने मान पुन्हा सरळ केली. बाई गेली. तिथे काळोख नव्हता, पांढरं नव्हतं, काही पुसल्याची खूणही नव्हती. जणू तिथे कधी कोणी नव्हतंच.

"हां, आसा आसा," तो घाईने म्हणाला. "माझा लक्ष नव्हता."

कॉस्मे जिंकल्याच्या आनंदात पाव आणायला गेला. टीचर मात्र चष्म्याच्या वरून सुदेशकडे बघत राहिल्या.

घरी जाताना त्याने रिक्षा इतकी हळू चालवली की मागून येणारे मोटरसायकलवाले हॉर्न मारून वैतागले. मागचे काही महिने एकेक करून त्याच्या डोक्यात गोळा होऊ लागले. चर्चजवळच्या खांबाला डाव्या बाजूने घासलेली रिक्षा. खांबच रस्त्यात आलाय, असं तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला होता. भाऊबंदांपैकी एकाने धरलेला अबोला, सुदेश समोरून जातो आणि ओळख दाखवत नाही म्हणून. त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं, आणि दिसत नाही हेही कळलं नव्हतं. कशाचं भय वाटायचं असेल तर त्याचंच होतं. जे दिसत नाही ते किती आहे, हे तो कशाने मोजणार?

बायकोला, आकांक्षाला, त्याने काही सांगितलं नाही. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. "कढी खारट झाली काय?" तिने विचारलं. तो नाही म्हणाला.

सोमवारी सकाळी शाळेची मुलं होती. टीचरांची नात ॲश्लिन आणि वाडीतली आणखी चार. आज येत नाही म्हणून सांगावं असं उठल्यापासून त्याच्या मनात होतं. पण येत नाही तर का, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि एकदा उत्तर दिलं की ते खरं झालं असतं. त्याने रिक्षा काढली.

"सुदेश अंकल, तुम्ही सारखी मान कशाला हलवता?" ॲश्लिनने मागून विचारलं.

"मान धरल्या गो."

भरड नाक्यावरून बाजाराकडे वळताना त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मग समोरून एसटी आली. तिच्यावर नजर ठेवून त्याने रिक्षा कडेला घेतली, आणि मागून पोरं एकदम किंचाळली. त्याने ब्रेक दाबला तो काही दिसलं म्हणून नव्हे, त्या किंकाळीवर. रिक्षा फरफटत थांबली. डाव्या चाकापासून हातभर अंतरावर एक कोळीण उभी होती, डोक्यावर बांगडा मासळीची पाटी, एक पाय मागे घेतलेला. दोन मासे रस्त्यावर पडले होते.

"डोळे फुटले काय रे तुझे?" ती म्हणाली.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी सुदेशने तिला उलट चार शब्द सुनावले असते. आज त्याने खाली उतरून मासे उचलले, पाटीत ठेवले आणि हात जोडले. बाई चमकली आणि पाटी सावरत निघून गेली. शाळेपर्यंतचा उरलेला रस्ता त्याने चालत्या माणसाच्या वेगाने काढला. ॲश्लिन उतरताना म्हणाली, "मी ग्रॅनीला सांगू नको ना?" तिने ते त्याच्या भल्यासाठी विचारलं होतं, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

"सांग," तो म्हणाला. "नाय तर मीच सांगतंय."

टीचर अंगणात अबोलीला पाणी घालत होत्या. वाटेत त्याने सगळं नीट जुळवलं होतं, पण त्यांना बघताच तोंडातून भलतंच निघालं. "टीचर, उद्यापासून ॲश्लिनाक दुसऱ्या रिक्षेन धाडा. गाडीचो गिअर अडकता."

त्यांनी झारी खाली ठेवली. "गिअर अडकता की तुका दिसना नाय?"

सुदेश पायरीवर बसला. मग कालची बाई, आजची कोळीण, खांब, अबोला, सगळं त्याने सांगून टाकलं. टीचर ऐकत होत्या. शाळेत असताना त्या रागावल्या की मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलायच्या. आजही तसंच झालं.

"म्हणजे तुला काल दुपारीच कळलं होतं. आणि आज सकाळी तू पाच मुलांना घेऊन गेलास."

"होय."

"मलाही काल शंका आली होती. मी तुला फोन करायला हवा होता, केला नाही. वाटलं, माणूस दुखावेल. माझं मी बघेन. तू आता बाकीच्या घरी फोन कर. इथे, माझ्यासमोर."

त्याने एकेक फोन केला. शेवटच्या घरी त्याचा आवाज त्याला स्वतःलाही परक्या माणसाचा वाटला. एका बापाने शिव्या दिल्या. एका आईने, "आमचो झील बरो आसा मा?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवून दिला. ते शिव्यांपेक्षा जड गेलं. फोन संपल्यावर टीचरनी त्याला पाणी दिलं आणि उद्या कुडाळला जायचं, असं सांगितलं. येणार का, असं विचारलं नाही.

संध्याकाळी आकांक्षाला कळलं तेव्हा ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "मगे परवा माझ्या हातातली पेज सांडलास, ती दिसना नाय म्हणान. मी उगीच बोल लावलंय तुमका."

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका काळोख्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकायची, मधल्या दिव्याकडे बघायचं, आजूबाजूला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र टिकटिकत होतं आणि त्याचा अंगठा बटणावर नुसताच पडून होता. मध्येच भीतीने त्याने काही दिसलं नसतानाही बटण दाबलं. "अंदाजाने दाबू नका," त्या शांतपणे म्हणाल्या.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. गेलेली नजर परत यायची नाही. राहिलेली औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल, न चुकता घातले तर. रिक्षा बंद. हे त्या इतक्या सरळ बोलल्या की सुदेशला वाद घालायला जागाच सापडली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "सख्खे भाऊ-बहीण आहेत? त्यांचेही डोळे तपासायला हवेत. घरात चालत येणारा आजार आहे हा."

परतीच्या एसटीत टीचर झोपल्या. सुदेश जागा होता. त्याचा थोरला भाऊ सत्यवान तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिथे पोचला. सत्यवान किनाऱ्यावर लाइफ जॅकेट झटकून वाळत घालत होता. सुदेशचं बोलणं त्याने पाठ न फिरवता ऐकलं, पण हात काही थांबवले नाहीत.

"तुझा वायट झाला," तो म्हणाला. "पण माका काय झाला नाय. पार देवबागापर्यंत सगळा दिसता."

"माकाय सगळा दिसत होता, दादा."

सत्यवानने जॅकेट दोरीवर टाकलं. पाण्यात बोट हलत होती. पुण्याचं एक कुटुंब काठावर येऊन उभं होतं, बाईच्या कडेवर टोपी घातलेलं पोर होतं. सत्यवानने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मान किंचित वळवून पलीकडच्या बोटींकडे, मग पुन्हा समोर. तो काय करून बघतोय ते सुदेशला कळलं.

बऱ्याच वेळाने सत्यवानने शेजारच्या बोटवाल्याला हाक मारली आणि ही माणसं तू घेऊन जा, असं सांगितलं. मग शर्टाला हात पुसत तो भावाकडे वळला.

"कुडाळाक एसटी कितक्या वाजता आसा?"