विलायती माशी

भार्गवला जंगलातल्या नद्यांची नाडी कळायची, आणि साहेबलोकांची त्याहून जास्त. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेले साहेब रविवार आला की त्याच्या जीपमधून लांबच्या नद्यांवर गळ टाकायला निघत. गळाला किडा लावायचा नाही, पिसांची खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर नाचवायची, हा त्यांचा शौक. त्या माश्या रायपुरातल्या गुढियारी या गरीब वस्तीतल्या दोन खोल्यांत भार्गवची बायको क्षमा बांधायची. कोंबड्याचं पीस आणि गोल बाजारातला हिरवा रेशमी दोरा. ती डावखुरी, त्यामुळे दोऱ्याचे वेढे उलटे पडत.

गुढियारीचं नाव ऐकून साहेब नाक मुरडतील, म्हणून भार्गवनं पहिल्याच खेपेला ठोकून दिलं होतं की माश्या विलायतेहून येतात. थाप चार वर्षं पचली. क्षमाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग सरकारी केंद्रात माश्या बांधायला शिकवणारी बाई हवी, असं निघालं. क्षमानं हौसेनं अर्ज केला. लग्नापायी तिचं मास्तरीण होणं राहून गेलं होतं. मुलाखतीला ती ठेवणीतली साडी नेसून गेली, आणि जाणकार म्हणून भार्गवलाच मोठ्या साहेबांशेजारी बसवलेलं. ही त्याची बायको, हे साहेबांना माहीत नव्हतं.

साहेबांनी तिचा नमुना पाहिला, ठीक आहे म्हणाले. मग टोपीला खोचलेली जुनी माशी काढून टेबलावर ठेवली.

"असली चीज़ ये है. भार्गव विलायत से मँगवाता है. ऐसी बना पाओगी?"

क्षमानं ती उचलली. हिरवा दोरा, उलटे वेढे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि बघतच राहिली. एवढंच बोलायचं होतं त्यानं, की साहेब, ही हिनंच बांधली. पण मग खोटारड्याच्या जीपमध्ये कोण बसणार? देवानं दिलेलं तोंड त्या माणसानं तेव्हाही साहेबांपुढे हसायलाच वापरलं. लाज वाटत होती त्याला, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा भीती मोठी निघाली.

साहेबांना मराठी येत नव्हती. क्षमा मराठीतच बोलली, नवऱ्याकडे बघून, शांतपणे.

"विलायतीच असन. माह्या हातची असती, तं तुम्ही सांगतलं असतं नं."

तिनं माशी हलकेच खाली ठेवली.

"क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं.

भार्गवनं घसा खाकरला. "कहती हैं, इनसे नहीं बनेगी."