गाण्याआधीचे आकडे

जुन्या टेपचं एक असतं. वर्षानुवर्षं पडून तिच्यावरचा, आवाज धरून ठेवणारा लेप सुटायला लागतो. मंद आचेवर शेकायची, एकदा वाजवायची, त्या एका खेपेत कॉम्प्युटरवर जे टिपलं ते आपलं.

स्टुडिओत तिने टेप लावली आणि तेवढ्यात मोबाइलवर, पाळणाघराच्या कॅमेऱ्यात, तिचं बाळ पालथं झोपलेलं दिसलं. पाठ हलतेय की नाही? ती बघतच राहिली. हेडफोनमध्ये कुणीसं काहीतरी म्हणालं, मग धाडकन ड्रम सुरू झाले आणि तिने दचकून रेकॉर्डचं बटण दाबलं. गाणं पुरं आलं. नंतर टेप मागे नेऊन पाहिली, तर सुरुवातीला नुसती खरखर.

गाण्याआधीची बडबड तशीही कापतातच, तिने स्वतःला समजावलं. स्टुडिओच्या मालकाला, दादांना, सांगितलं की टेपचं तोंडच खराब होतं.

टेप एका गाजलेल्या रॉक अल्बमच्या वेळची होती. त्या अल्बमची घासूनपुसून लख्ख केलेली नवी आवृत्ती निघणार होती, कधीच बाहेर न आलेली गाणी जोडून. बँडमधल्या बेस गिटारवाल्याची बायको ती ऐकायला आली. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

गाणं सुरू झालं तशा काकू गोंधळल्या. “अगं, आणि आकडे? एक, दोन, तीन, चार? गाणं सुरू करायला मोजायचा हाच. गायला मेल्याने कधी तोंड उघडलं नाही. सगळ्यांचे आवाज आहेत जगात, ह्याचाच नाही.”

“टेपच गेली होती, काकू,” दादा म्हणाले. “हिने जिवाचं रान केलं.” आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

तिचे कान तापले. “काकू, आकडे होते. मी ऐकले. बटण दाबायला मलाच—”

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. पुढचं त्यांना ऐकायचंच नव्हतं. “ऐकलेस? तू? कसा होता गं आवाज? त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी माझ्याशी कडाकडा भांडून गेला होता. चिडलेला वाटला?”

तिने आठवून पाहिलं. आठवत होती फक्त बाळाची पाठ, निळ्या ठिपक्यांचं झबलं.

“नाही हो काकू. हसत होते. हसतच मोजलं.”

“हसत!” काकूंनी पदर डोळ्यांना लावला. “तरी म्हटलं, ह्या येड्याला राग धरता येतोय कसला! थांब, लेकीला लावते. तेव्हा पोटात होती माझ्या. बापाचा आवाज माहीतच नाही तिला. तूच मोजून दाखव, अगदी तस्सं.”

फोन तिच्या कानाला लागला. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. ‘माझं लक्ष नव्हतं,’ एवढंच म्हणायचं होतं.

“एक, दोन,” ती म्हणाली, आणि तीनमध्ये तिने थोडं हसू मिसळलं.

“आणखी एकदा?” पलीकडची बाई रडत म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ते हसू तिला जास्त छान जमलं.