सातव्या टोपलीची घंटा

जमेच्या बाजू : सावली भरपूर. फाटकापाशी पाणी. नऊही टोपल्यांच्या साखळ्या शाबूत. तबकडी येऊन पडली की खळ्ळकन वाजतात.

इथवर शिंप्याचं पेन सरळ धावलं. लांबून तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, त्या तबकडी-गोल्फच्या मंडळात त्याचं अक्षर त्यातल्या त्यात बरं, म्हणून मैदानाचा अहवाल त्याच्या गळ्यात पडला होता. सातवी टोपली ठेवायची की उखडायची, ते यावरूनच ठरणार होतं.

उणिवा : सातवी टोपली चढापलीकडे. फेकणाऱ्याला दिसत नाही.

खोटं नव्हतं. पण म्हणून तर माळीकाकांनी तिथे घंटा टांगली होती. हे मैदान त्यांनीच आखलेलं. पुढच्यांनी तबकड्या उचलायच्या, बाजूला व्हायचं, मग घंटा. ती ऐकूनच मागच्यांनी फेकायचं. अकरा वर्षांत कुणाला खरचटलंही नव्हतं.

उणिवा (पुढे) : रविवारी घंटा वेळेआधी वाजवली गेल्याने एका ज्येष्ठ सभासदाच्या

पेन अडलं.

रविवारी शिंप्याची तबकडी पहिल्याच फेकीत टोपलीत पडली होती. जन्मात पहिल्यांदा. पन्नाशीचा बाप्या धावत सुटला आणि त्याने घंटा बडवली. माळीकाका अजून टोपलीत वाकलेले, त्याचीच तबकडी काढून द्यायला. मागून फेकलेली तबकडी सरळ भुवईवर.

मागचे धापा टाकत आले. घंटा ऐकूनच फेकली, म्हणाले. कुणी वाजवली? शिंप्याचं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मीच." रक्त दाबून धरलेल्या रुमालाआडून. आणि शिंप्याचं तोंड तसंच मिटलं. त्यानंतर चार दिवस म्हाताऱ्याचं आता भान सुटलंय असं जो तो म्हणत होता, आणि शिंपी बटणं लावत होता.

दुकानाचं दार वाजलं. माळीकाकाच.

"झालं का मास्तर? वाचून दाखवा, चष्मा विसरलो."

शिंप्याने सावली वाचली, पाणी वाचलं, साखळ्या वाचल्या. समोर भुवईवर पाच टाके. लांब-लांब घातलेले, असे त्याने गोणपाटालाही घातले नसते. त्याची नजर कागदावर पडली ती वर येईना.

"थांबलात का?"

"काका, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"तुमचा चेहरा बघितला ना, टोपलीत तबकडी दिसली तेव्हा. म्हटलं, एवढ्यात कशाला विझवा." ते स्टुलावर बसले. "पण टोपली जाईल असं नव्हतं वाटलं."

शिंप्याचे कान तापले. त्याने उणिवांच्या दोन्ही ओळी खोडल्या. नवी लिहिताना अक्षर बरं आलं नाही. मग मान खाली घालूनच वाचली :

"उणिवा : काही नाही. घंटा मी वाजवली. नंतर गप्प बसलो."

काकांनी स्टूल मागे सरकवलं.

"पहिल्या फेकीत पडली," ते उठता उठता म्हणाले, "ते जमेच्या बाजूत घाला."

ते मात्र शिंप्याच्याने लिहवलं नाही.