वरच्या मजल्यावरचा तपस्वी

भोपाळच्या साकेत नगरातल्या दिगंबर मुजुमदारांना निवृत्तीनंतर दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक, सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं काढूनही आपल्यामागे एकही चौकशी लागली नाही. आणि दुसरी, आपला भाडेकरू जपानी आहे. पहिली गोष्ट ऐकताना लोक जांभया देत, म्हणून ते दुसरी जास्त सांगत.

ताकेदा शहराबाहेरच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. वय बेचाळीस, बायको आणि मुलगी नागोयात. वरचा मजला दिगंबररावांनी खरं तर मुलासाठी, वरुणसाठी बांधला होता. वरुण टोरांटोला गेला आणि तिथलाच झाला. मग दोन वर्षं मजला कुलपात पडला, आणि त्या दोन वर्षांत दिगंबरराव इतके किरकिरे झाले की सरोजताई निव्वळ सुटका म्हणून दिवसातून दोनदा भाजी आणायला जायच्या. ताकेदा आला, रोज संध्याकाळी सातला चहाला खाली उतरू लागला आणि दिगंबरराव माणसात आले. हा गेला तर आपलं कसं होणार, हा विचार त्यांना अधूनमधून छळायचा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दर अकरा महिन्यांनी करार संपला की दहा टक्के भाडं मात्र न चुकता वाढवलं होतं. वीस हजारांचे तीन वाढींत सव्वीस हजार सहाशे झाले होते. प्रेम प्रेमाच्या जागी आणि करार कराराच्या, असा त्यांचा खाक्या.

यंदाच्या उन्हाळ्यात ताकेदा बदलू लागला. कामावर टॅक्सीने जायचा, तो बसने जाऊ लागला. स्वयंपाकाची बाई बंद झाली. भर मे महिन्यात एसी बंद ठेवून तो गच्चीवर सतरंजी टाकून झोपायचा. सकाळी पोहे खायचा आणि रात्रीही पोहेच. केस तर स्वतःच कापायचा, आणि ते मागून बघवत नसत.

"बघितलंस?" दिगंबरराव आइस्क्रीमची वाटी चाटूनपुसून संपवत म्हणाले. "याला म्हणतात इंद्रियनिग्रह. भारतात येऊन माणूस तपस्वी झाला."

"अहो, त्याचा पट्टा दोन भोकं आत गेलाय," सरोजताई म्हणाल्या. "तपबिप काही नाही. त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय. विचारा जरा."

"आपल्याकडे इतकी वर्षं राहिल्यावर संस्कार होणारच ना."

"मग तुमच्यावर का नाही झाले?"

दिगंबररावांनी रिकामी वाटी मोरीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मराठी मंडळाचे कार्यवाह नीळकंठराव यांना गाठून जुलैच्या कार्यक्रमात ताकेदाचं व्याख्यान ठरवूनच आले. विषयही त्यांनीच दिला: 'साधी राहणी, एका जपानी साधकाच्या नजरेतून'. ताकेदाला एवढंच कळलं की घरमालकांना आपण दहा मिनिटं बोलायला हवं आहे. तो वाकून "जी" म्हणाला. तो कशालाही "जी" म्हणायचा.

कार्यक्रमाला चाळीसेक ज्येष्ठ जमले. दिगंबररावांनी ओळख करून देण्यातच पंधरा मिनिटं खाल्ली. गच्चीवरच्या सतरंजीचं वर्णन तर असं केलं की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तिथूनच हात जोडले. मग ताकेदा उठला, कमरेत वाकला आणि रिक्षावाल्यांकडून शिकलेल्या, मध्येच 'ख़ाँ' जोडणाऱ्या भोपाळी हिंदीत बोलू लागला.

"आप लोग मेरे को तपस्वी बोले. शुक्रिया. लेकिन ग़लती हो गई. मेरी तनख़ा येन में आती है. अपन भोपाल आए, तब सौ येन का सड़सठ रुपया मिलता था. अब बावन मिलता है. येन गिर गया, ख़ाँ. इसलिए टैक्सी बंद, बाई बंद, एसी बंद. अपन तपस्वी नहीं हैं, अपन कड़के हैं."

हात जोडलेल्या आजींनी हात खाली घेतले.

"कंपनी कुछ नहीं देती?" नीळकंठरावांनी विचारलं.

"कंपनी जापान में है. वहाँ येन, येन ही है. उनको गिरा हुआ दिखता नहीं. घर पर बीवी को आधा भेजना पड़ता है, वो कम नहीं होता."

"और किराया?"

ताकेदा घुटमळला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "पहले दिन तीस हज़ार येन था," तो म्हणाला. "अब इक्यावन हज़ार है. मुजुमदारजी की ग़लती नहीं. करार में लिखा है. अशोका गार्डन में एक कमरा देखकर आया हूँ. पहली तारीख़ से. आज चाय पर बताने वाला था."

चाळीस माना एकदम दिगंबररावांकडे वळल्या. त्यांचा चेहरा पडला होता. सव्वीस हजार सहाशे म्हणजे त्या माणसाला किती पडतात, हा विचार तीन वर्षांत त्यांना एकदाही शिवला नव्हता. तो पोह्यांवर दिवस काढत होता आणि आपण खाली बसून त्याची टिमकी वाजवत होतो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. पण तोंडातून निघालं भलतंच.

"लेकिन वो इंद्रियनिग्रह?"

"अहो, गप्प बसा!" मागच्या रांगेतून सरोजताई म्हणाल्या.

दिगंबरराव गप्प बसले नाहीत. ते उभे राहिले आणि दबलेल्या आवाजात म्हणाले, "आज से किराया येन में. तीस हज़ार येन. जो पहले दिन था. और दस टक्का-बिक्का कुछ नहीं."

टाळ्या पडल्या. त्या गडबडीत सरोजताईंनी मोबाइलवर हिशेब केला, पुढे आल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "पंधरा हजार सहाशे होतात. पहिल्या दिवशी वीस घेतले होते आपण."

दिगंबररावांनी बोटांवर अकरा हजारांचा तोटा मोजला. एवढं स्वस्त करायचं त्यांच्या मनात नव्हतं. समोरून ताकेदाही दोन्ही हात हलवत होता. "नहीं, नहीं. आपका नुक़सान है. येन और गिरेगा तो?"

"चढ़ेगा तो फ़ायदा मेरा है ना!" दिगंबरराव उसन्या रुबाबात म्हणाले. मग रुबाब टिकेना. "तुम अशोका गार्डन चले गए तो सात बजे मैं किससे बात करूँ? इनसे? ये तो भाजी लाने जाती हैं."

मंडळी हसली. ताकेदा मात्र हसला नाही. तो वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही, आणि वर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

ताकेदा राहिला. तेव्हापासून दिगंबररावांचा दिवस दराच्या आकड्याने उजाडतो. गेल्या मंगळवारी सरोजताई कणीक मळत होत्या, तर ते चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर मटकन बसले.

"काय झालं?" सरोजताईंनी घाबरून विचारलं.

"अगं," दिगंबरराव म्हणाले, "आपला येन पडला."